पायाचं ऑपरेशन आहे, लिव्हरचं नाही!

‘‘मॅडम, पायाचं ऑपरेशन आहे, लिव्हरचं नाही. दारूचं काय घेऊन बसलात?’’

भूल देण्याआधीच्या तपासणीत मी पिण्याबद्दल विचारलं की हे वाक्य कुठून तरी येतंच. बहुतेक वेळा रुग्णाच्या मेहुण्याकडून. कधी कधी, जरा सभ्य भाषेत, खुद्द सर्जनकडून. मेहुण्याचा मला राग येत नाही. त्याला वाटतं, ही बाई चारचौघांत आमच्या माणसाची अब्रू काढतेय. पण ज्यांनी हाडाची सूक्ष्म रचना परीक्षेत आकृतीसकट काढून दाखवली, त्यांनीही ‘‘थोडी घेतो हो, सगळेच घेतात, तुम्ही फिटनेस देऊन टाका’’ म्हणावं, याचा येतो.

हे मत एकदा त्याच्या पूर्ण थाटात मांडून टाकू, म्हणजे ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ ही पळवाट उरायला नको. हाडाची शस्त्रक्रिया म्हणजे सुतारकाम. मोडलेलं सरळ करायचं, प्लेट लावायची, स्क्रू आवळायचे, टाके घालायचे. दारू पोटात जाते, तिथून लिव्हरमध्ये, गुडघ्यात नाही. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे विषय मिटला. शिवाय त्याने परवापासून सोडलीच आहे. आणि समजा सोडली नसेल, तरी खरं कोण सांगणार? आणि सांगितलं, तरी आपण काय करणार? बेवडाच तो, त्याच्या कर्माची फळं. आपण आपलं हाड बघावं. प्रत्येक दावा स्वतंत्रपणे शहाणपणाचा वाटतो. एका ओळीत उभे केले की एकमेकांच्या तंगड्या ओढायला लागतात: दारूने काहीच होत नसेल तर फळं कसली? आणि फळं भोगायचीच असतील, तर ती नेमकी कोणती हे रुग्णाला आधी सांगायला नको?

सुतारकामापासून सुरुवात करू, कारण या उपमेवर आमच्या क्षेत्रातले लोक फार खूश असतात. लाकडाला स्वतःहून जुळायचं नसतं. हाडाला जुळायचं असतं. प्लेट हाड जोडत नाही. ती फक्त तुकडे धरून ठेवते आणि जुळण्याचं काम हाडातल्या पेशींवर सोडते. नवं हाड तयार करणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना सततची दारू मंदावते. मज्जेत चरबी वाढवते. जेवणाची जागा घेते, त्यामुळे प्रथिनं आणि ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही कमी पडतात. पांढऱ्या पेशींना सुस्त करते, म्हणजे जखमेत शिरलेल्या जंतूंना रान मोकळं. धातूलाही मर्यादा असते. हाड वेळेत जुळलं नाही तर रोजच्या हालचालीने प्लेट थकते आणि एक दिवस तुटते. मग नातेवाईक प्लेटचा तुकडा रुमालात बांधून आणतात आणि ‘‘कंपनी कुठली घातली होती?’’ म्हणून भांडतात. कंपनीची चौकशी होते. क्वार्टरची होत नाही.

‘दारू गुडघ्यात जात नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांधा बदलायला आलेल्या चाळिशीतल्या पुरुषांची यादी काढून बघावी. खुब्याचा सांधा म्हाताऱ्यांचा झिजतो; तरुणांचा सडतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतल्या आत मरतं, वरचा घुमट खचतो. याला एव्हीएन म्हणतात. मार लागला नसताना हा आजार होण्याची जगभर सांगितली जाणारी दोन मोठी कारणं म्हणजे स्टेरॉइड आणि दारू. माणूस लंगडत येतो, एमआरआय होतो, ‘बॉल बदलावा लागेल’ असं सांगितलं जातं, उधार-उसनवार करून तो बदललाही जातो. पण हा आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना होतो. मग डाव्या बाजूचा बॉल बदलताना उजव्या बाजूला काय चाललंय, ते कशामुळे चाललंय आणि ते अजून थांबवता येईल का, हे कोणी बोलायचं? डिस्चार्ज कार्डावर खुर्चीत कसं बसावं, भारतीय संडास टाळावा, उशी कुठे ठेवावी हे सगळं असतं. दारूबद्दल एक अक्षर नसतं. ज्या आजाराने सांधा खाल्ला त्याचं नावही न घेता सांधा बदलून पाठवायचं, आणि वर म्हणायचं, पायाचं ऑपरेशन आहे!

आता लिव्हरचा रिपोर्ट. हा बचाव सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत पोकळ. त्यासाठी आधी थोडं गणित. आपल्याकडच्या विदेशी मद्यात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलीच्या एका पेगमध्ये झाले जवळपास दहा ग्रॅम. क्वार्टर म्हणजे १८० मिली. म्हणजे साठ ग्रॅम. १९९९ साली डेन्मार्कच्या हॅने टोनेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात घेतलेली माणसं रोज किमान साठ ग्रॅम अल्कोहोल पिणारी होती. आपल्या भाषेत, रोजची एक क्वार्टर. आणि महत्त्वाची अट अशी, की त्यांना लिव्हरचा आजार नव्हता. अशा बेचाळीस जणांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाने शस्त्रक्रियेआधी महिनाभर देखरेखीखाली डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध घेऊन दारू पूर्ण बंद ठेवली, दुसरा नेहमीसारखा पीत राहिला. पीत राहिलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. महिनाभर थांबलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं.

लिव्हर दोन्ही गटांचं ठीक होतं. बोला!

हो, ती शस्त्रक्रिया आतड्याची होती, हाडाची नव्हती. आणि बेचाळीस हा आकडा लहान आहे. एवढं मान्य. पण त्या लोकांचं बिघडत काय होतं? प्रतिकारशक्ती क्षीण, शस्त्रक्रियेच्या ताणाला शरीराचा अतिरेकी प्रतिसाद, हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता. शरीर ही सगळी धांदल करताना चिरा पोटावर आहे की मांडीवर, हे विचारत बसत नाही. आणि हाडाचाच पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांकडे बघा. तिथे पिण्याविषयीचे तीन साधे प्रश्न विचारून शून्य ते बारा असे गुण देतात. गुडघा किंवा खुबा बदललेल्या पुरुषांचा हिशेब मांडला तेव्हा एकच्या वरच्या प्रत्येक वाढत्या गुणामागे गुंतागुंती सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. लिव्हरच्या रिपोर्टला हे गुण सांगता येत नाहीत. बिलिरुबिन बोलका नसतो. माणूस बोलका असतो, नीट विचारलं तर.

‘परवापासून सोडलीय’ हे वाक्य नातेवाईक अभिमानाने सांगतात आणि डॉक्टर समाधानाने ऐकतात. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. त्यानंतर फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स गाठतो. त्यात उपचार झाला नाही तर जीव जाऊ शकतो. आता हे वेळापत्रक आपल्या ऑर्थोपेडिक वॉर्डाच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. शनिवारी रात्री मोटारसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. रविवारी तालुक्याहून आणला. हात थरथरतोय, ‘‘दुखतंय म्हणून.’’ सोमवारी रॉड घातला. संध्याकाळी अंगाला दरदरून घाम; ‘‘भूल उतरतेय.’’ मंगळवारी रात्री त्याला छतावरून मुंग्या खाली येताना दिसतात. तो चादर झटकतो, सलाईन उपसून काढतो, ड्रेन ओढतो आणि कालच रॉड घातलेल्या पायावर उभा राहायला बघतो. सिस्टर ओरडतात, दोन मामा धावतात, गॉजच्या पट्ट्यांनी हात कॉटला बांधले जातात. आई बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून अंगारा शोधते. केस पेपरवर सकाळी ओळ येते: ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

सहकार्य आपण केलं नाही. रविवारी आणल्याबरोबर एक प्रश्न विचारला असता, तर क्लोरडायझेपॉक्साइडच्या किंवा लोराझेपामच्या योग्य मात्रेने हे सगळं बहुधा टळलं असतं. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवत राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे एमबीबीएसच्या पोरांनाही पाठ असतं. महागडं काही नाही यात. इम्प्लांटच्या किमतीपुढे ही औषधं चिल्लर.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर, स्पेशल रूममध्ये, निवृत्त साहेब असतात. बाथरूममध्ये घसरून खुबा मोडलेला. तीस वर्षं संध्याकाळी तीन लार्ज, शिस्तीत, काचेच्या ग्लासात, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर. तीन लार्ज म्हणजे १८० मिली, तीच क्वार्टर. तिसऱ्या रात्री साहेब सिस्टरला बोलावून म्हणतात, ‘‘ती फाइल अजून सहीला का आली नाही?’’ आणि अंगावरची चादर पानापानाने चाळायला लागतात. इथे हात बांधले जात नाहीत. सोडियम तपासलं जातं, मेंदूचा सीटी होतो, न्यूरोलॉजिस्ट येऊन जातात आणि ‘वयोमानानुसार होतं असं’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. साहेबांना कोणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? चांगल्या घरातले ना ते! आजार तोच, ग्रॅम तेवढेच. खालच्या मजल्यावर तो चारित्र्याचा दोष ठरतो आणि वरच्या मजल्यावर वयाचा. बायकांना तर हा प्रश्न कुठल्याच मजल्यावर विचारला जात नाही. विचारला तर नवऱ्याकडे बघून.

पुढचा आक्षेप: ‘विचारलं तरी खोटंच सांगतात.’ सांगतात ना. पण त्यांना खोटं बोलायला शिकवलं कोणी? महाराष्ट्रात कायदेशीरपणे पिण्यासाठी जो परवाना मिळतो, तो आरोग्याच्या जतनासाठी म्हणून दिला जातो! ज्या राज्यात पिण्याचा कागदच प्रकृतीच्या नावावर फाडला जातो, तिथल्या रुग्णाने डॉक्टरपुढे खरं बोलावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? विनोद बाजूला ठेवला तरी विमा राहतोच. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत जे अपवाद ठरावीक शब्दांत छापलेले असतात, त्यांत मद्यपान आणि व्यसन यांवरचे उपचार ‘आणि त्यांचे परिणाम’ वगळले जातात. त्यामुळे केस पेपरवर ‘रोज दारू’ असं लिहिलं की कॅशलेसचं घोडं कुठे अडेल याची धास्ती. मुलगा बाजूला घेऊन हात जोडतो, ‘‘मॅडम, तेवढं लिहू नका ना.’’ आणि आम्ही लिहीत नाही! ‘ऑकेजनल’ असा एक गोंडस शब्द आमच्या मदतीला असतो. रात्रपाळीच्या डॉक्टरला कागदावर ‘ऑकेजनल’ दिसतं आणि समोर मुंग्या पाहणारा माणूस.

गंमत अशी, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था घातल्या आहेत, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं असंही त्याच कायद्यात म्हटलंय. म्हणजे संसद एकीकडे याला आजार म्हणते आणि पॉलिसीचा कागद दुसरीकडे त्याच आजाराला दाराबाहेर उभं करतो. या दोन कागदांच्या मध्ये जो चेंगरतो, त्याच्यावर खोटारडेपणाचा शिक्का मारून आम्ही मोकळे.

राहता राहिली कर्माची फळं. हे बोलायला सोपं आणि ऐकायला गोड. त्यात बोलणाऱ्याचं सोवळं आपोआप सिद्ध होतं. पण हेल्मेट न घालता पडलेल्याचा जबडा आपण जोडतोच. पथ्य न पाळणाऱ्या मधुमेह्याचा पाय वाचवायला जिवाचं रान करतो. त्यांना कोणी कर्माचा हिशेब दाखवतं का? मानसोपचाराच्या निदानग्रंथाने, डीएसएमच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने, या आजाराला अकरा निकष दिलेत. वर्षभरात त्यांपैकी दोन जुळले तर सौम्य आजार, सहा किंवा जास्त जुळले तर तीव्र. त्यांत ‘नालायकपणा’ हा निकष कुठेही नाही. थांबायचं ठरवूनही थांबता न येणं आहे, सोडल्यावर होणारा त्रास आहे, नुकसान दिसत असूनही पीत राहणं आहे. शिकलेल्या माणसांना हे वाचता येतं; फक्त वॉर्डात शिरताना ते बाहेर काढून ठेवलेलं असतं, चपलांसारखं नव्हे, कारण चपला परत जाताना आठवणीने घातल्या जातात.

आणि फळांची भाषा करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की उपचार मिळतो किती जणांना. २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार, जो एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने तयार केला, देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस माणसांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. बाकीच्या सदतीस जणांच्या वाट्याला काय येतं? एसटी स्टँडमागच्या भिंतीवरची ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात. बायको बिचारी ती पुडी आमटीत कालवते. पुडीत काय आहे हे तिला ठाऊक नसतं, नवऱ्याला पुडीच ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर त्याने घेतली, तर जिवावर बेतू शकतं. अशी नकळत ‘सोडवलेली’ माणसंही आमच्या टेबलवर येतात, आणि आम्ही त्यांनाही विचारत नाही. महाराष्ट्रात हे काम उघडपणे, रुग्णाला माणूस समजून करता येतं हे पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून दाखवलंय. तिथवर पोचायला त्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदा विचारावं लागतं. पाय प्लास्टरमध्ये, घरी पडून, कामधंदा बंद, पोरं घाबरलेली: जो माणूस एरवी ‘‘मला काय झालंय?’’ म्हणून उडवून लावतो, तो ऐकून घेण्याची शक्यता याहून जास्त कधी असणार? ती वेळ आम्ही टाके मोजण्यात घालवतो.

शेवटी ‘वेळ नाही’. अपघातात नाही, कबूल. उघडी जखम महिनाभर थांबत नाही. पण तिथेही विचारायला एक मिनिट लागतं आणि त्या मिनिटाने रात्रपाळी सावध होते. गुडघा किंवा खुबा बदलायची शस्त्रक्रिया मात्र ठरवून केलेली असते. पंचांग बघून, मुलाची रजा बघून, अमेरिकेतल्या मुलीचं तिकीट बघून तारीख ठरते. साखर चढलेली असली की आपण ती तारीख पुढे ढकलतो आणि नातेवाईक मुकाट मान डोलावतात. किडका दात असला तर आधी दंतवैद्याकडे धाडतो. लघवीत जंतू निघाले तर आठवडाभर गोळ्या देतो. यातल्या कशालाही कोणी अब्रूचा प्रश्न करत नाही. मग ज्याला महिनाभर थांबवून गुंतागुंती निम्म्याहून खाली आलेल्या दिसल्या, त्या एकाच गोष्टीसाठी तारीख हलत नाही का? थांबवायची म्हणजे ‘उद्यापासून बंद’ असा दम द्यायचा नाही. मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायचं, औषधांच्या आधाराने, देखरेखीत सोडवायची, चार आठवडे खायला-प्यायला घालून माणूस उभा करायचा आणि मग त्याच्या हाडाला हात लावायचा. घरी गेल्यावरही विचारत राहायचं. नव्या सांध्यावर झोकांडी खाऊन सांधा निखळला तर तो पुन्हा आपल्याच टेबलवर येणार आहे.

तपासणीच्या फॉर्मवर साखरेची चौकट आहे, रक्तदाबाची आहे, ॲलर्जीची आहे. तिथेच तीन प्रश्नांची चौकट छापा, उत्तर गुणांत लिहा, ‘ऑकेजनल’ हा शब्द हद्दपार करा, आणि गुण जास्त आले तर ठरवून करायचं ऑपरेशन थांबवा. विमा कंपनी अडली तर २०१७ चा कायदा तिच्यापुढे ठेवा. लपवून तिची सोय करू नका. आणि हे करायचं नसेल, तर निदान संमतीपत्रावर रुग्णाच्या सहीच्या वर एक ओळ सर्जनच्या हस्ताक्षरात येऊ द्या: ‘रुग्ण रोज किती पितो हे आम्ही विचारलेलं नाही, तिसऱ्या रात्री काय होईल याची आम्हाला कल्पना नाही.’ त्याखाली आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक घालायला किती जण पुढे येतात, ते मला बघायचंय.